एका सहीची अट

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-प्रशिक्षण शिबिरात गणिताच्या इतिहासावर बोलण्याचा योग आला होता. फळ्यावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली, संचांच्या धड्यात येणारा डी मॉर्गनचा नियम : दोन संचांच्या संयोगाचा पूरक संच म्हणजे त्या दोन संचांच्या पूरक संचांचा छेद. दुसरी, बारावीच्या मुलांना भेटणारा मॅट्रिक्स, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत आव्यूह. व्याख्यान संपता संपता मी सहज सांगितले, की हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या ऑगस्टस डी मॉर्गनला केंब्रिज विद्यापीठाची एम. ए. ही पदवी घेता आली नाही. आणि ‘मॅट्रिक्स’ हा शब्द गणिताला देणाऱ्या जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टरला तर त्याच विद्यापीठाच्या परीक्षेत दुसरा क्रमांक मिळवूनही कोणतीच पदवी मिळाली नाही. दोघांच्याही आड आली ती एकच गोष्ट : एका कागदावरची सही.

एक शिक्षक उठले आणि म्हणाले, “सर, इतिहासाच्या तासाला हे ठीक आहे. पण धर्मस्वातंत्र्याचा आणि विज्ञानाचा संबंध काय? यामुळे विज्ञानाचे नेमके नुकसान काय झाले?”

प्रश्न सरळ होता. मी घाईघाईने उत्तर दिले, की बुद्धिमान माणसे बाहेर ठेवली म्हणजे विज्ञानाचे नुकसान होणारच. सर्वांनी मान डोलावली आणि आम्ही चहाला गेलो. पुढे बरेच दिवस मात्र वाटत राहिले, की ते उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या शिक्षकांना उशिरा दिलेले पुरे उत्तर आहे.

सही कशावर?

१५३४ साली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपशी असलेले नाते तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले. या चर्चची मते कोणती हे ठरवण्यासाठी पुढे एक मसुदा तयार झाला. १५७१ साली पक्क्या झालेल्या या मसुद्याला ‘एकोणचाळीस कलमे’ म्हणतात. ईश्वराचे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे त्रिविध रूप, पाप आणि मुक्ती, चर्चचे अधिकार, राजाचे अधिकार असे विषय त्यात आहेत.

देशात विद्यापीठे दोनच, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. ऑक्सफर्डला विद्यापीठात नाव दाखल करतानाच या कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजची पद्धत थोडी निराळी होती. तिथे कोणीही शिकावे, परीक्षेलाही बसावे. पण पदवी हाती घेताना आपण इंग्लंडच्या चर्चचे आहोत हे लिहून द्यावे लागे. एम. ए. साठी आणि महाविद्यालयाचा ‘फेलो’, म्हणजे पगारी सदस्य व अध्यापक होण्यासाठी तर सहीवाचून गत्यंतरच नव्हते.

ज्यांना ही सही करता येत नसे असे लोक थोडेथोडके नव्हते. रोमन कॅथलिक होते. ज्यू होते. प्रोटेस्टंट असूनही राजाच्या चर्चशी न पटणारे प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, क्वेकर आणि युनिटेरियन होते. या सर्व प्रोटेस्टंटांना मिळून ‘डिसेंटर’ म्हणजे मतभेदी असे नाव होते. आणि कशावरच श्रद्धा नसलेलेही होते.

१६८९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ‘सहिष्णुता कायदा’ संमत केला. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे गौरवाने वर्णन येते आणि त्याच्या काळाच्या मानाने ते योग्यही आहे. शेजारच्या फ्रान्समध्ये चारच वर्षे आधी, १६८५ साली, चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेले सारे संरक्षण काढून घेतले होते आणि त्यांना देशोधडीला लावले होते. त्या तुलनेत इंग्लंडच्या मतभेद्यांना स्वतःची प्रार्थनामंदिरे चालवण्याची मुभा मिळाली, ही मोठीच गोष्ट होती.

पण कायदा नीट वाचला तर त्यातल्या फटी दिसतात. कॅथलिकांना ही मुभा नव्हती. ईश्वराचे त्रिविध रूप न मानणाऱ्या युनिटेरियनांनाही नव्हती. ज्यांना होती त्यांनाही सरकारी अधिकारपदे आणि नगरपालिकांची पदे कायद्याने बंदच राहिली. ते कायदे १८२८ साली रद्द झाले. विद्यापीठातली सही तर जिथल्या तिथे राहिली. प्रार्थना तुमच्या घरी, तुमच्या पद्धतीने करा. पण आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ नका, असा त्याचा अर्थ होता.

आपल्या भाषेतला शब्दच येथे पाहण्यासारखा आहे. ‘सहिष्णुता’ हा शब्द ‘सह्’ या धातूपासून आला आहे. सह् म्हणजे सोसणे. सोसणारा वरच्या पायरीवर असतो आणि ज्याला सोसायचे तो खालच्या. सोसणे हे छळण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण ती बरोबरी नव्हे. बरोबरी आणि सोसणे यांमधले अंतर तोडायला इंग्लंडच्या विद्यापीठांना १६८९ पासून १८७१ पर्यंत, म्हणजे १८२ वर्षे लागली.

उलटी चाळणी

अशी अट घालणाऱ्यांचा हेतू काय असतो? अयोग्य मताची माणसे बाहेर राहावीत, हा. ती खरोखर बाहेर राहतात का, हे प्रयोगशाळेत चाळणी तपासावी तसे आपण तपासून पाहू.

आयझॅक न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो होता. ट्रिनिटी म्हणजे तेच त्रिविध रूप. न्यूटनने धर्मशास्त्राचा अभ्यास गणिताइतक्याच कसोशीने केला आणि त्याचे मत असे झाले, की त्रिविध रूपाचा सिद्धांत मूळ ख्रिस्ती धर्मात नाही. त्याच्या मागे राहिलेल्या हस्तलिखितांवरून हे आज स्पष्ट झाले आहे. हयातीत मात्र त्याने याविषयी जाहीरपणे एक अक्षरही छापले नाही. गणिताच्या ल्यूकेशियन प्राध्यापकाला धर्मोपदेशकाची दीक्षा घ्यावी लागू नये अशी परवानगी १६७५ साली राजाकडून मिळाली आणि न्यूटनचा मार्ग मोकळा झाला.

न्यूटननंतर १७०२ साली त्याच पदावर विल्यम व्हिस्टन आला. त्याचेही मत न्यूटनसारखेच झाले. फरक एवढाच, की व्हिस्टनने ते उघड सांगितले. १७१० साली विद्यापीठाने त्याला काढून टाकले.

एकच पद, एकच मत. गप्प राहिला तो आत राहिला, बोलला तो बाहेर गेला. म्हणजे ही चाळणी मत तपासतच नव्हती. मनात एक आणि कागदावर एक असे ज्याला जमते तो तिच्यातून अलगद आत जाई. ज्याला जमत नाही तो अडके. धान्य निवडताना खडे ठेवून दाणे फेकावेत तसा हा प्रकार होता. श्रद्धेची परीक्षा घेऊ पाहणारी प्रत्येक अट शेवटी प्रामाणिकपणाची परीक्षा घेते, आणि त्या परीक्षेत जो खरा असतो त्यालाच शिक्षा करते. ज्या व्यवसायाचा सारा डोलारा ‘जे दिसले तेच लिही’ या नियमावर उभा आहे, त्या विज्ञानाला तर अशी चाळणी फारच महाग पडते.

उंबऱ्याबाहेरच्या शाळा

ज्यांना आत घेतले नाही त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. ‘डिसेंटिंग अकॅडमी’ या नावाने त्या ओळखल्या जात. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिनचे पाठांतर चालू असताना यांतल्या काही शाळांत आधुनिक भाषा, इतिहास, भूगोल आणि प्रयोगासहित विज्ञान शिकवले जाऊ लागले. जोसेफ प्रीस्टली हा अशाच एका शाळेचा विद्यार्थी आणि १७६१ पासून वॉरिंग्टन येथील अशाच दुसऱ्या शाळेचा शिक्षक. बंद भांड्यात मेणबत्तीने ‘बिघडवलेली’ हवा पुदिन्याचे रोप पुन्हा ‘सुधारते’, हे त्याने १७७१ साली दाखवले. १७७४ साली त्याने ऑक्सिजन वायू मिळवला. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन क्वेकर होता. तोही मँचेस्टरच्या एका मतभेदी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत असे.

प्रीस्टली युनिटेरियन धर्मोपदेशक होता आणि आपली मते तो लपवत नसे. मतभेद्यांना समान हक्क मिळावेत यासाठी तो सतत लिहीत असे. १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅममध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या स्मरणार्थ एक भोजन होते. प्रीस्टली त्याला गेलाही नव्हता. तरी ‘चर्च आणि राजा’ अशा घोषणा देत जमाव निघाला. मतभेद्यांची प्रार्थनामंदिरे जाळली आणि मग प्रीस्टलीचे घर. तो आणि त्याची पत्नी कसेबसे निसटले; पण ग्रंथसंग्रह, अनेक वर्षांची टिपणे आणि प्रयोगशाळेतली उपकरणे यांचा चुराडा झाला. दंगल चार दिवस चालली. १७९४ साली प्रीस्टलीने देश सोडला. १८०४ साली तो अमेरिकेतच वारला.

हे सहिष्णुता कायद्यानंतर १०२ वर्षांनी घडले. शेजाऱ्याला सोसायचे तेवढे शिकवले पण तो आपल्या बरोबरीचा आहे हे शिकवले नाही, तर सोसण्याची मुदत एखाद्या दिवशी संपू शकते, एवढाच याचा बोध.

वकिलांच्या कचेरीत जन्मलेले गणित

सिल्व्हेस्टर १८१४ साली लंडनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. १८३१ साली तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. मध्ये आजारपणात बराच काळ गेला. १८३७ साली तो गणिताच्या ‘ट्रायपॉस’ या प्रसिद्ध परीक्षेला बसला आणि दुसरा आला. या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि पहिल्याला ‘सीनिअर रँग्लर’. म्हणजे सिल्व्हेस्टर सेकंड रँग्लर. त्याच यादीत चौथा होता जॉर्ज ग्रीन. भौतिकशास्त्र शिकणारे ‘ग्रीनचे प्रमेय’ ज्याच्या नावाने ओळखतात तोच. चौथ्याला पदवी मिळाली, दुसऱ्याला नाही. पारितोषिकांच्या स्पर्धेत भाग नाही, फेलो होण्याचा प्रश्नच नाही.

पुढची कित्येक वर्षे सिल्व्हेस्टर भटकत राहिला. लंडनला प्राध्यापक झाला. १८४१ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याला पदव्या दिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत गेला आणि काही महिन्यांतच ती नोकरी सोडली. लंडनला परतल्यावर त्याने एका विमा कंपनीत आकडेमोडीचे काम धरले आणि जोडीला कायद्याचा अभ्यास केला. तिथे त्याला आर्थर केली भेटला. केली हा १८४२ चा सीनिअर रँग्लर, इंग्लंडच्या चर्चचाच सदस्य. पण ट्रिनिटी कॉलेजात फेलो म्हणून कायम राहायचे तर ठरावीक मुदतीत धर्मोपदेशकाची दीक्षा घ्यावी लागे आणि केलीला ती घ्यायची नव्हती. म्हणून तोही वकील झाला आणि १४ वर्षे वकिलीच करत राहिला.

हे दोन वकील भेटत तेव्हा गणिताविषयी बोलत. या बोलण्यातून बीजगणिताची एक नवी शाखा उभी राहिली. १८५० साली सिल्व्हेस्टरने ‘मॅट्रिक्स’ हा शब्द वापरला. १८५८ साली केलीने मॅट्रिक्सच्या बीजगणितावर निबंध लिहिला. आज पुंजयामिकीपासून संगणकावरच्या चित्रांपर्यंत ज्याच्यावाचून चालत नाही, ते गणित केंब्रिजमध्ये जन्मायचे ते लंडनच्या वकिलांमध्ये जन्मले. एकाला सही करता येत नव्हती म्हणून, आणि दुसऱ्याला दीक्षा नको होती म्हणून.

तत्त्व आपल्याच दारी आले तेव्हा

१८२६ साली लंडनमध्ये एक नवी संस्था स्थापन झाली आणि १८२८ साली तिचे वर्ग सुरू झाले. आज तिला युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणतात. तिथे विद्यार्थ्याला वा अध्यापकाला धर्म विचारायचा नाही, असा नियम होता. विरोधकांनी तिला देव नसलेली शाळा म्हणून हिणवले. गणिताच्या पहिल्या प्राध्यापकाचे पद २१ वर्षांच्या एका तरुणाला मिळाले. तोच ऑगस्टस डी मॉर्गन. त्याचा जन्म आपल्या मदुराईचा, १८०६ सालचा. १८२७ साली तो केंब्रिजला चौथा रँग्लर झाला होता, पण एम. ए. साठी धर्ममताची सही करायला त्याने नकार दिला.

तो स्वतः ख्रिस्तीच होता. तरी माझी श्रद्धा विद्यापीठाच्या दफ्तरात नोंदवण्याची बाब नाही, अशी त्याची भूमिका होती. या भूमिकेची खरी परीक्षा जवळजवळ चाळीस वर्षांनी झाली. १८६६ साली त्याच्या याच संस्थेत तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकपदासाठी जेम्स मार्टिनो हे नाव पुढे आले. मार्टिनो युनिटेरियन धर्मोपदेशक होता आणि तेवढ्यावरून संस्थेने त्याला नाकारले. धर्म विचारायचा नाही असे सांगणाऱ्या संस्थेने धर्म विचारला, असे म्हणून साठ वर्षांच्या डी मॉर्गनने राजीनामा दिला. ज्यांनी आपल्याला नाकारले त्यांच्याविरुद्ध उभे राहणे तुलनेने सोपे असते. ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांची चूक दाखवणे अवघड.

कायदा कसा बदलला?

तो एका दिवसात बदलला नाही. १८३४ साली केंब्रिजच्याच साठाहून अधिक सदस्यांनी पदवीसाठीची अट काढावी असा अर्ज पार्लमेंटकडे केला. भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक त्यात पुढे होते आणि ते स्वतः दीक्षा घेतलेले धर्मोपदेशक होते. कॉनॉप थर्लवॉल या ट्रिनिटीच्या अध्यापकाने या मागणीचा छापील पुरस्कार केला, तेव्हा त्याला आपले शिकवण्याचे काम सोडावे लागले. तोही धर्मोपदेशकच होता. विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने फेटाळले. मतभेद्यांची ही लढाई त्या चर्चच्या आतल्या माणसांनीही लढवली, हे विसरता कामा नये.

१८५४ साली ऑक्सफर्डने आणि १८५६ साली केंब्रिजने पहिल्या पदवीसाठीची अट सोडली. एम. ए. चे पूर्ण अधिकार आणि फेलोची पदे मात्र अजून बंद होती. १८६९ साली न्यूमा हार्टॉग हा ज्यू विद्यार्थी सीनिअर रँग्लर झाला. पदवीदानाच्या लॅटिन वाक्यातले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे शब्द त्याच्यापुरते वगळण्यात आले. पण तो फेलो होऊ शकला नाही. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी फेलो होऊ शकत नाही, हे आता साऱ्या देशाला दिसले. १८७१ साली हार्टॉगने हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठांतल्या धर्मपरीक्षा रद्द करणारा कायदा झाला आणि त्याच महिन्यात, वयाच्या २५ व्या वर्षी, हार्टॉग देवीच्या रोगाने वारला. जे दार उघडायला त्याने हातभार लावला त्यातून त्याला आत जाता आले नाही.

पुढल्या वर्षी, १८७२ साली, केंब्रिजने सिल्व्हेस्टरला पदवी दिली. परीक्षेनंतर ३५ वर्षांनी. १८८३ साली ऑक्सफर्डने त्याला भूमितीचा प्राध्यापक नेमले, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता.

दार उघडले खरे, पण फक्त पुरुषांना. १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सीनिअर रँग्लरपेक्षा अधिक गुण मिळवले. तिला पदवी नव्हती. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ साली.

मुंबई, मुर्डी आणि धारवाड

या इतिहासाचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

मुंबईच्या वाडिया घराण्यातले जहाजबांधणी अभियंता अर्देशीर कर्सेटजी हे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. रॉयल सोसायटीने स्थापनेपासूनच सभेत धर्माचा वाद आणायचा नाही असा संकेत पाळला होता. म्हणजे १८४१ साली एक पारशी गृहस्थ इंग्लंडमधल्या सर्वांत मानाच्या विज्ञानसंस्थेत जाऊ शकत होते. पण केंब्रिजची साधी बी. ए. घेऊ शकले नसते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नव्हे, तर लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणून १८६२ साली रानडे, भांडारकर यांची पहिली तुकडी पदवीधर झाली तेव्हा त्यांना कोणी धर्ममताची सही मागितली नाही.

आणि १८९९ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. पहिल्या क्रमांकाचा मान त्यांना एका सहाध्यायासह विभागून मिळाला. ‘रँग्लर परांजपे’ हे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले. त्यांचे कॉलेज होते सेंट जॉन्स, म्हणजे सिल्व्हेस्टरचेच. पुढे ते त्याच कॉलेजाचे फेलोही झाले. जन्माने हिंदू, विचाराने विवेकवादी असलेल्या परांजप्यांना १८३७ च्या नियमाने ना पदवी मिळाली असती, ना फेलोचे पद. फर्ग्युसन कॉलेजच्या या प्राचार्यांच्या नावामागची ‘रँग्लर’ ही उपाधी आपण अभिमानाने घेतो. तिच्यामागे हार्टॉगची साक्ष उभी आहे, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण स्वतःला फसवू. केंब्रिजने बी. ए. चे दार उघडले ते १८५६ साली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई सरकारपर्यंत अर्ज गेला. एकाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, असे कारण देऊन सरकारने नकार कायम ठेवला. तिथे सही मागितली नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. जन्म हीच सही होती. मतभेद्याला निदान सही करून आत जाता येत होते, मनाविरुद्ध का होईना. या मुलाला तेवढीही वाट नव्हती.

त्या शिक्षकांना उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धर्मपरीक्षेने विज्ञानाचे नुकसान किती झाले?

खरे सांगायचे तर त्याचे मोजमाप करता येत नाही. सही मागणाऱ्या केंब्रिजनेच न्यूटन आणि मॅक्सवेल दिले, हेही खरेच आहे. सहिष्णुता आली की विज्ञान फुलते, असा सोपा नियम इतिहासातून निघत नाही. सिल्व्हेस्टर आणि केली यांचे नुकसान आपल्याला दिसते, कारण सगळ्या अडचणींतून ते वर आले. जे वर आलेच नाहीत त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत.

आणि मला वाटते, मुख्य मुद्दा येथेच आहे. सिल्व्हेस्टर दुसरा आला म्हणून त्याच्यावरचा अन्याय आपल्याला खटकतो. तो पन्नासावा आला असता तर? त्याला पदवी नाकारणे तेवढेच चूक ठरले असते. विज्ञानाच्या उपयोगाचे कारण सांगून आपण धर्मस्वातंत्र्य मागतो, तेव्हा नकळत ते हुशारांचे बक्षीस करून टाकतो. हक्क हे बक्षीस नव्हे. तो पन्नासाव्या मुलाचाही असतो, आणि नापास झालेल्या मुलाचाही. त्या दिवशी शिबिरात मी एवढे सांगायचे राहिलो होतो.

आपल्या राज्यघटनेने ही गोष्ट सोसण्यावर सोडलेली नाही. सर्वस्वी सरकारी पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही आणि सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावायचे नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. सरकारी आणि अनुदानित संस्थांत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे अनुच्छेद २९ सांगतो. सिल्व्हेस्टर, हार्टॉग आणि धारवाडचा तो मुलगा या तिघांनाही या दोन अनुच्छेदांत जागा आहे.

तरीही सही मागण्याचे प्रकार संपलेले नाहीत. त्यांचे रूप बदलते. एक माझ्याच हातून घडलेला प्रसंग सांगतो. आमच्या प्रयोगशाळेच्या कार्यशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असे. तिथला सर्वांत कसबी कारागीर मुसलमान होता. आपल्याकडे भेदभाव नाही हे दिसावे म्हणून दरवर्षी आम्ही नारळ फोडण्याचा मान कौतुकाने त्याच्या हाती देत असू. तोही हसून नारळ फोडत असे. त्याच्या निवृत्तीच्या आधी एकदा लेथवर काम करता करता तो मला म्हणाला, “साहेब, पेढा मी आनंदाने खातो. यंत्रांवर माझाही जीव आहे. पण नारळ हातात देता तेव्हा नाही म्हणता येत नाही.”

आम्ही त्याला बाहेर ठेवले नव्हते. उलट मानाने आत बोलावले होते. पण दरवर्षी एका कागदावर सही मात्र घेत होतो, आणि ती सही आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. त्याच्या ध्यानात होते. पुढच्या खंडेनवमीला नारळ फोडायला कोण पुढे येतो असे विचारले. त्या दिवशी तो नेहमीसारखा आला, पेढा घेतला आणि आपल्या लेथला तेल घालत उभा राहिला.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर डी मॉर्गनचा नियम शिकवून झाल्यावर पाच मिनिटे त्याची गोष्ट सांगावी. मग मुलांना एवढेच विचारावे, की आपल्या शाळेत, आपल्या गल्लीत, आपल्या खेळात आपण कोणाकडून न मागता अशी सही घेतो का? उत्तर तिथल्या तिथे मागू नये. ज्याच्याकडून ती घेतली जाते, त्याला बोलायला बरीच वर्षे लागतात.